तिकिटाएवढी जमीन

पोस्टाच्या खिडकीशी आपण ताटकळलोय आणि आतून पत्ते पिसल्याचा आवाज येतोय, असं झालं तर आपण तक्रारवही मागू. मिसिसिपी विद्यापीठातल्या लोकांनी मात्र जवळजवळ तीन वर्षं कळ काढली. त्यांचे पोस्टमास्तर होते पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले विल्यम फॉकनर. साहेब आत मित्रांबरोबर ब्रिज खेळत, नाहीतर दुसऱ्यांची मासिकं वाचत. काही टपाल तर थेट कचऱ्यात जाई. अखेर १९२४ साली राजीनामा. दोन सेंटांचं तिकीट घेऊ शकणाऱ्या कुठल्याही भामट्याची ताबेदारी आपल्याला जमायची नाही, असा त्याचा एकूण सूर.

गंमत अशी, की पुढे जन्मभर हा माणूस तिकिटातच अडकला. आपली जन्मभूमी पोस्टाच्या तिकिटाएवढी, पण लिहायला आयुष्य पुरणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्या तिकिटावर त्याने अख्खी काल्पनिक काउंटी वसवली: योक्नापटॉफा. (मी अजून अडखळतो.) १९३६ च्या ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ या कादंबरीत तिचा नकाशाच छापला. क्षेत्रफळ २,४०० चौरस मैल, गोरे ६,२९८, काळे ९,३१३, आणि एकमेव मालक स्वतः फॉकनर. आमच्या साडेतीन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यातली पाच दिवंगत. असा स्वच्छ उतारा पाहिला की पोटात दुखतं.

त्या काउंटीतली माणसं मात्र आमच्यासारखीच, जमिनीपायी बुडालेली. शिवाय त्यांच्या डोक्यावर गुलामगिरीचं न फिटलेलं देणं. ते सांगताना फॉकनरचं वाक्य एकदा सुटलं की पूर्णविराम येईपर्यंत चहा निवतो. मी दोनदा पुस्तक मिटलंय. दोन्ही वेळा परत उघडलं.

सुरुवात करायची तर ‘ॲज आय ले डाइंग’पासून करा. १९२९ साली वीजघरातल्या रात्रपाळीत, कोळशाची हातगाडी उलटी घालून तिच्यावर ही कादंबरी सहा आठवड्यांत लिहिली, असं तो सांगे. थोडं मीठमसाल्याचं असेल, पण कादंबरी अस्सल आहे. आईची शवपेटी घेऊन घरचे दफनाला निघतात; वाटेत पूर लागतो, आग लागते, प्रेताला वास सुटतो, पण पेटी ठरल्या गावी पोचते. साधं पत्र वेळेवर न पोचवणाऱ्याने एवढं एक पार्सल मात्र चोख पोचवलं.

१९४९ चं नोबेल मिळालं, १९६२ साली तो गेला. १९८७ साली अमेरिकन टपाल खात्याने जुना राग सोडून त्याच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. किंमत २२ सेंट.