बिनशाळेचे हेडमास्तर

पौड रोडवरच्या आमच्या सोसायटीत सकाळी पावणेसात ते साडेसात नुसता गलका असतो. लिफ्टमधून एका वेणीची मुलगी आणि दुसरी वेणी घालणारी आई एकदमच खाली येतात, कुणाची तरी पाण्याची बाटली वरच राहिलेली असते आणि व्हॅनवाले काका हॉर्नवरचा हात काढायला तयार नसतात. या सगळ्याकडे दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक गृहस्थ चहा पीत, मुलाकडच्या वऱ्हाड्यासारखे निवांत बघत असतात. त्यांची दोन्ही मुलं आत गाढ झोपलेली असतात. ती शाळेत जात नाहीत. घरीच शिकतात.

सोसायटीने त्यांना 'हेडमास्तर' ही पदवी देऊन टाकली आहे. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण त्या पाटीवर सध्या खडूने '१२१२३ डेक्कन क्वीन, मुंबईहून पुण्याला' असं लिहिलेलं असल्यामुळे कुरिअरवाले समोरच्या दारी, म्हणजे माझ्याकडे, चौकशीला येतात.

ही जमात आता पुण्या-मुंबईकडे बऱ्यापैकी दिसू लागली आहे. ओळखण्याच्या खुणा सोप्या. हिंजवडीतली बरी चाललेली नोकरी सोडून रात्री घरून काम करायचं. कपाटात गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न', 'तोत्तोचान' आणि जॉन होल्टची दोन-तीन पुस्तकं. पैकी 'तोत्तोचान' पाहुण्यांना वाचायला देऊन देऊन खिळखिळं झालेलं. बोर्डी-कोसबाडची वारी झालेली, त्यामुळे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं घेताना आवाज आपोआप हळू होणार. अरविंद गुप्तांची खेळणी बघून बघून घरातल्या कचऱ्याला 'साहित्य' म्हणायची सवय लागलेली. हेडमास्तरांकडच्या काड्यापेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमध्ये खोचल्या जाऊन त्यांचे त्रिकोण आणि पिरॅमिड झालेले असतात. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायला काडी सापडत नाही. मग वहिनी आमच्याकडून काड्यापेटी नेतात आणि ती षटकोन होऊन परत येते.

दुसरी खूण कायद्याच्या ज्ञानाची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा गेटवर दबक्या आवाजात विचारलं, "पण हे असं चालतं का हो?"

हेडमास्तर या प्रश्नाची वाटच बघत असतात. "शिक्षण हक्क कायदा २००९ चा. लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं कलम दहा म्हणतं. पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा काय, ते कुठेच लिहिलेलं नाही!"

"मेंटेनन्स वेळेवर भरणं हेही कर्तव्यच आहे," सेक्रेटरी म्हणाले, "आणि त्याला दंड आहे. तो मागायलाच आलो होतो."

"दहावीचं काय?" या प्रश्नाचंही उत्तर तोंडपाठ. चौदा पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, परीक्षा, नाहीतर आपल्या बोर्डाचा बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. कुणी फारच ताणलं, तर दहावी-बारावीची प्रमाणपत्रं हातात नसताना संगणक ऑलिंपियाडच्या पदकांवर २०१६ साली थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेलेली मुंबईची मुलगी. हा हुकमाचा एक्का. तो पडला की समोरचा गप्प. फक्त नेमक्या त्याच वेळी हेडमास्तरांची मुलं जिन्याच्या कठड्यावरून आरडाओरडा करत खाली घसरत येतात, त्यामुळे एक्क्याची किंमत जरा कमी होते.

मुलं दोन. थोरली नऊची, धाकटा सहाचा. धाकट्याला कुणी "कितवीत रे तू?" विचारलं तर तो गंभीरपणे सांगतो, "अजून ठरलं नाही." थोरलीचं सगळं ठरलेलं आहे. "मराठीत पाचवी, गणितात तिसरी, डायनोसॉरमध्ये कॉलेज." नातेवाइकांची मोठी काळजी म्हणजे ही मुलं समाजात मिसळणार कशी. वॉचमनच्या गावाला यंदा पाऊस किती झाला, इस्त्रीवाल्याच्या मुलीचं लग्न कधी आहे आणि दूधवाल्याची कुठली म्हैस आटली, हे अख्ख्या सोसायटीत फक्त या दोघांना ठाऊक असतं. आमचा नातू रोज वर्गभर मुलांत मिसळून येतो आणि लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

हेडमास्तरांचा खरा छंद म्हणजे खेळातून शिक्षण उकरून काढणं. धाकट्याने हॉलमध्ये बादली उपडी केली तर दुसरा बाप फडकं शोधेल. हे गुडघ्यांवर बसून म्हणतात, "बघ बघ, पाणी कुठल्या बाजूला चाललंय? म्हणजे उतार कुठे?" उतार माझ्या दाराकडे आहे, हे मी त्यांना न शिकताही सांगू शकतो.

हे सगळं रोज रात्री एका वहीत उतरतं. उद्या कुणी अधिकारी विचारायला आला तर दाखवायला असावं म्हणून. वही मी पाहिली आहे. 'सोमवार. मुलांनी पलंगावरून गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास केला. मंगळवार. भाषा. धाकट्याने वॉचमनकडून सात नवे शब्द आत्मसात केले.' वहिनी बँकेत अधिकारी आहेत. कुठलाही कागद तपासल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. सोमवारपुढे त्यांनी लाल पेनने लिहिलंय, 'पलंगाची फळी तुटली. सुताराचं बिल कोणाच्या खात्यातून?' आणि मंगळवारपुढे, 'सातपैकी पाच शब्द आईंसमोर वापरून दाखवले.'

मुलांचा लाडका खेळ डेक्कन क्वीन. जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या एकामागे एक लावल्या की गाडी तयार. धाकटा ड्रायव्हर, थोरली एकाच वेळी गार्ड आणि टीसी. उशांना तिकीट पडत नाही, टेडीला अर्धं. या गाडीला डायनिंग कार असते हे हेडमास्तरांनी मोठ्या उत्साहाने सांगून ठेवलं. ते भोवलं वहिनींना. आता दर रविवारी गाडीत कटलेट लागतात, आणि तीही धावत्या गाडीत आणून द्यावी लागतात.

कर्जत आलं की खेळाला खरा रंग चढतो. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत घाट, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं जोडायची. ती भूमिका हेडमास्तरांची. स्वयंपाकघराच्या दाराशी ते शेवटच्या खुर्चीला दोन्ही हातांनी भिडले. समोर अख्खी गाडी, गाडीत दोन मुलं, चार उशा आणि एक टेडी. मी साखर मागायला गेलो होतो, मला प्लॅटफॉर्मवर थांबायला सांगण्यात आलं.

"आता बघा हं," बँकर म्हणाला, "हा बोरघाट. इथला चढ एकास सदतीस. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलो की एक मीटर वर. मग आपण एकशे अकरा मीटर गेलो तर—"

"बाबा," ड्रायव्हरने मागे वळून न बघता सांगितलं, "इंजिन बोलत नाही."

"अरे, पण चढ समजल्याशिवाय..."

"इंजिन फक्त ढकलतं."

गार्डने शिट्टी फुंकली. हेडमास्तरांनी तोंड मिटलं आणि ढकललं. खुर्च्यांच्या पायांखाली फरशी किंचाळली, उशा पडल्या, खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत वाजवलं आणि गाडी एकदाची सोफ्याजवळच्या लोणावळ्याला लागली.

"बँकर सुटले," गार्डने जाहीर केलं. "तुम्ही आता परत कर्जतला जायचं. एकटं."

ते गेले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग मी परत कधी येऊ?"

"पुढची गाडी आली की."

मी साखर घेताना पाहिलं. पन्नाशीकडे झुकलेला, एकेकाळी चाळीस माणसांची टीम सांभाळणारा हा माणूस फ्रीजच्या कोपऱ्यात उभा राहून तोंडाने बारीक 'घूं घूं' करत पुढच्या गाडीची वाट बघत होता. इतका खूश माणूस मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही. त्या रात्री वहीत दोनच शब्द होते, 'डेक्कन क्वीन.' ना अपूर्णांक, ना भूगोल. पुढे वहिनींची लाल खूण, 'बरोबर.'

या घरशाळेला एकच विरोधी पक्ष आहे, हेडमास्तरांची आई. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या बाई. दिवाळीला आणि उन्हाळ्यात येतात. पहिल्या वेळी आल्या तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला. जूनमध्ये पटनोंदणीला वस्त्या पालथ्या घालायचो आम्ही. कुणाचं पोर गुरांमागे, कुणाचं वीटभट्टीवर. शाळाबाह्य मुलं हुडकून हुडकून पटावर आणली. आणि निवृत्त झाल्यावर शाळाबाह्य सापडली ती कुठे, तर माझ्याच घरात!"

पण त्या भांडत बसल्या नाहीत. त्यांनी शेंगदाण्याचे लाडू वळले. दुपारी हेडमास्तर डुलकी घेत असताना गॅलरीत बसून एक पाढा, एक लाडू असा व्यवहार सुरू झाला. बेरीज-वजाबाकीच्या फंदात न पडता थेट पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि दीडचे पाढे. मुलाने एकदा पकडलंच. "आई, पाठांतर नको ना. मुलांना ते आतून सुचलं पाहिजे."

"आतूनच सुचतंय. लाडू आतच गेलाय ना?"

पुढे भाजीवाल्याकडे थोरलीने साठ रुपये किलोच्या दीड किलो कांद्याचा हिशेब भाजीवाल्याच्या आधी सांगितला. त्या रात्री वहीत नोंद झाली, 'व्यवहारातून अपूर्णांकांचं स्वयंस्फूर्त आकलन.' खाली नव्या अक्षरात, सुवाच्य आणि वळणदार, शेरा पडला, 'स्वयंस्फूर्त म्हणे! डबाभर लाडू गेले.'

एवढा शिकला-सवरलेला माणूस शाळेवर इतका का रुसला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मला वाटायचं, कुठल्यातरी मास्तरांनी झोडपलं असेल. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये मुलांचं चिखलाचं दुकान चाललं होतं. आम्ही दोघं गिऱ्हाइकं होतो. चिखलाचं श्रीखंड हातात धरून ते सहज म्हणाले, "काका, पहिली ते चौथी माझ्या वर्गाला आईच होती. शाळेत 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं, अशी सक्त ताकीद. इतर पोरं पाच वाजता सुटायची. मी पाच वाजता बाईंचं बोट धरून घरी जायचो. जेवताना शुद्धलेखन, झोपताना पाढे. एकदा तापात मी आईला म्हणालो, 'बाई, पाणी पिऊन येऊ?'" ते हसले. "खरी घरशाळा माझीच झाली हो. ही पोरं काय, नुसती घरात आहेत."

तेव्हा उलगडा झाला. आम्ही इतके दिवस समजत होतो की या गृहस्थांनी मुलांची शाळा सोडवली. मुलं शाळेत गेलीच नव्हती, तर सुटणार कुठून? पाच वाजताची घंटा ऐकू आली ती बापाला, चाळिशी उलटल्यावर. मग कायदा, होल्ट, गिजुभाई, वही ही सगळी रजेच्या अर्जाला जोडलेली कागदपत्रं. आजीला हे आमच्या आधी कळलेलं असावं. दुसऱ्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी पटनोंदणीचा विषय काढला नाही. लाडू मात्र चालू ठेवले.

आता अशा मोकळ्या हवेत वाढणाऱ्या मुलांचा दुसरा आवडता खेळ कोणता असेल? शाळा-शाळा. थोरली बाई होते. साडी आजीची, चष्मा आजीचा, आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" हेही थेट आजीचंच. पटावर टेडी, दोन उशा, धाकटा आणि बाबा. हजेरी होते, प्रार्थना होते, नखं तपासली जातात. सर्वांत जास्त शिक्षा बाबांना होतात, कारण ते वर्गात बोलतात, मधेच हात वर न करता उत्तरं देतात आणि बाईंना "पण असं का?" विचारतात. त्यांना अंगठे धरून उभं केलं जातं. तेही हौसेने धरतात, हवेत का होईना, कारण वाकून पायापर्यंत हात पोचत नाहीत.

परवा वार्षिक निकाल लागला. बाबांचं प्रगतिपुस्तक मी स्वतः वाचलं. 'मराठी, बरे. गणित, न विचारता सांगतो. वर्तन, फार बोलतो. खेळ, चांगली प्रगती. निकाल, नापास.'

बाबांनी ताबडतोब हरकत घेतली. "बाई, असं करता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुणालाही नापास करता येत नाही."

आजी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते कलम २०१९ ला बदललं. आपल्याकडेही आता पाचवीला आणि आठवीला त्याच वर्गात ठेवता येतं. कितवीत आहे गं हा?"

"पाचवीत," बाई म्हणाल्या.

"मग बसव मागे." आणि त्यांनी हात पुसून 'पालकांची सही' या रेघेवर, आयुष्यभर ज्या वळणाने सह्या केल्या त्याच वळणाने, सही ठोकली.

पाच मिनिटांत माझी बेल वाजली. दारात हेडमास्तर उभे, हातात प्रगतिपुस्तक, चेहरा बोर्डात आल्यासारखा. "काका, पेढे खायला या," ते म्हणाले. "आईने सही केली. आणखी एक वर्ष मिळालं!"