ही बाजू खाली

उजेड हवा तिथेच अडवणाऱ्या, काचेवर क्रोमचा थर असलेल्या मास्कचं कोटेशन आलं आणि विभागप्रमुखांनी ते वाचून चष्माच काढून ठेवला. मी लगेच पुढे सरसावलो. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ साली छपाईच्या फिल्मचा मास्क करून सूक्ष्म नळ्यांच्या चिप केल्या होत्या. "आपल्याला तर अप्पा बळवंत चौक चालत्या अंतरावर आहे!" मी छाती काढून सांगितलं.

तिथल्या छपाईच्या दुकानातल्या काकांकडे फिल्म काढणारा जुना इमेजसेटर होता. ऑफसेटवाले हल्ली थेट प्लेटच काढतात, त्यामुळे फिल्म मागणारं गिऱ्हाईक आलं याचंच त्यांना अप्रूप. "पॉझिटिव्ह काढू की निगेटिव्ह?" त्यांनी विचारलं. मी पीएचडी झालेला माणूस. "पॉझिटिव्ह!" म्हणून ठणकावलं. म्हणजे रेषा काळ्या, बाकी पारदर्शक. पण वेफरच्या चकतीवर आम्ही लावायचो ते एसयू-८ हे रसायन निगेटिव्ह जातीचं. उजेड लागेल तेवढंच घट्ट होतं, बाकीचं धुऊन जातं. परिणामी जिथे नळ्यांच्या साच्याचे बांध उभे राहायचे तिथे चर पडले आणि उरलेली वेफर वडी थापल्यासारखी सपाट.

दुसऱ्या फिल्मवर रेषा कुठे बारीक, कुठे दुप्पट जाड. मी मशीनला नावं ठेवली. काकांनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: इंचाला २५४० ठिपके, म्हणजे एक ठिपका १० मायक्रॉनचा. माझ्या रेषा १५ च्या. "सर, दीड ठिपका कसा मारू?" चौथीतला भागाकार होता हो.

तिसऱ्या वेळी त्यांनी बजावलं, "इमल्शन खाली ठेवा." म्हणजे काळा थर वेफरला टेकला पाहिजे. पण डिझाइनच्या कोपऱ्यात मी हौसेने माझं नाव घातलं होतं आणि तसं ठेवलं की ते उलटं दिसायचं. मी फिल्म पालथी केली. आता थर वर, मध्ये ०.१ मिमी प्लॅस्टिक. तेवढ्या फटीत उजेड पसरला आणि २० मायक्रॉनच्या शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नाव मोठ्या अक्षरात होतं, ते मात्र सुरेख उमटलं. प्रमुखांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

चौथ्या फिल्मच्या कोपऱ्यात काकांनी स्वतःच लाल मार्करने लिहून दिलं: "ही बाजू खाली." तीच चालली. त्यांच्या वहीत आमचं काम अजूनही "व्हिजिटिंग कार्ड, मजकूर नाही" असंच लिहिलेलं आहे.