वापरलेला आनंद

आमच्या घरात आनंद कधी कोरा करकरीत आला नाही. शाळेची पुस्तकं आधी मामेभावाची, मग थोरल्या भावाची, मग माझी. स्वेटर चुलतबहिणीचा, आणि त्याच्यावरचं फुलपाखरू उसवून मला मुलगा करण्यात आलं होतं. आता स्वतः मिळवतो, नव्या वस्तू घेतोही. पण नव्या वस्तूशी बोलायचं काय, हा प्रश्न पडतो. तिच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. गॅरंटी कार्ड तेवढं असतं.

वापरलेल्या आनंदाचं आपल्याकडचं सर्वांत जुनं दुकान म्हणजे वाचनालय. रत्नागिरीत ते १८२८ साली निघालं, पुण्यात १८४८ साली. म्हणजे दुसऱ्याने आधी वाचलेलं पुस्तक वाचण्याचा आपला अनुभव दोनशे वर्षांच्या घरात आहे. या पुस्तकांत लेखकाच्या मजकुरापेक्षा समासातला मजकूर सरस असतो, हे कुठलाही जुना वर्गणीदार सांगेल. मध्यंतरी एक रहस्यकथा आणली. विसाव्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘खुनी मेहुणा आहे.’ त्याखाली बॉलपेनने, ‘उगाच काहीतरी सांगू नये. शेवटपर्यंत वाचा.’ त्याखाली पुन्हा पेन्सिल, ‘वाचलं म्हणूनच सांगतोय.’ आणि या सगळ्याच्या डोक्यावर, वळणदार अक्षरात, शाईने: ‘वाचनालयाच्या पुस्तकात काहीही लिहू नये. – एक जागरूक वाचक.’ छापलेली कादंबरी बेताचीच होती. समासातली मी दोनदा वाचली. खुनी मेहुणाच होता.

दिवाळी अंकांचंही तेच. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. वाचनालयाच्या योजनेत पैसे भरलेल्या माणसाची ही सवय मात्र जरा उशिरा भागते. हवा तो अंक हाती पडेस्तोवर महाशिवरात्र येते. तोवर कुणीतरी शब्दकोडं सोडवलेलं असतं, तेही चुकीचं. पाककृतीचं पान कात्रीने गेलेलं असतं. आणि वार्षिक राशिभविष्य निम्मं खोटं ठरून झालेलं असतं. माझ्या राशीला डिसेंबरात परदेशप्रवास होता. मी डिसेंबरात भोसरीला गेलो होतो. भविष्य असं ताळा करून वाचण्यात जी मजा आहे, ती ताज्या अंकात कुठली?

हाताने केलेल्या वस्तूंमध्ये गोधडीचा मान पहिला, कारण तिच्यात नवं असं काही घालायचंच नसतं. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडा दुमडून टाचायच्या आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. आजीची गोधडी माझ्याकडे आहे. ती पांघरण्याइतकीच वाचण्याचीही वस्तू आहे. दोरा संपला की आजी हाताशी येईल तो रंग ओवायची, त्यामुळे रीळ कुठे संपलं ते दिसतं. सगळे टाके तांदळाएवढे, एकसारखे. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात ते एकाएकी लांब लांब पडत जातात. त्या दुपारी तिला कुणीतरी उलट बोललेलं असणार. आईला विचारलं, तर तिने चटकन विषय बदलला.

आणखी एक गंमत. थोरली काकू आणि धाकटी काकू यांचं कधी पटलं नाही. कार्यातसुद्धा एक वाढायला उठली की दुसरी जेवायला बसायची. आजीने दोघींची जुनी पातळं बरोबर शेजारी शेजारी लावली आणि मधली शिवण दुहेरी घातली. घरातल्या पुरुषांनी बैठका घेऊन जे जमलं नाही, ते सुईने एका उन्हाळ्यात केलं. गोधडी अजून टिकून आहे. फक्त फाटते तेव्हा त्याच शिवणीपाशी फाटते.

गाण्याच्या बाबतीत आमच्या घराची मजल एका तंबोऱ्यापर्यंत गेली. तंबोरा अर्थातच वापरलेला, एका गायनाच्या क्लासातून निवृत्त होऊन आलेला. त्याने जन्मभर इतक्या मुलांचा भूप ऐकलाय, की मी समोर बसलो की तो आधीच उतरलेला असतो. त्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले तशी ही मंडळी तारांकडे वळली. कापण्याचा धंदा बंद करून जुळवण्याचा सुरू करणारं असं दुसरं घराणं मला माहीत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा येतो भीमेच्या काठच्या शेतांतून. तो कडू असतो, खाता येत नाही. आमच्याकडे दर मंगळवारी दुधी होतो, त्यामुळे भोपळ्याने माणसाला सुख दिल्याची ही एकच नोंद मी धरून आहे. कारागिराने घोडीवरच्या तारेखाली सुताचा बारीक धागा घातला. केसभर पुढे, केसभर मागे. तार आपली ठण्ण, ठण्ण. मग एका जागी धागा आला आणि तीच तार घुमायला लागली, एकीतून चार आवाज निघावेत तशी. जवारी खुलली म्हणतात ती ही. ‘आता कसा वाटतोय?’ त्यांनी विचारलं. मी ‘वा’ म्हटलं. ते म्हणाले, ‘आता गाणाऱ्याचं बघा.’

गाणाऱ्याचं बघितलं, आणि मी ऐकणाऱ्यांत सामील झालो. त्यासाठी पुण्यात सोय आहे. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात होतो. तिथे भारतीय बैठकीवर बसलं की शेजारचं घराणं आपोआप नशिबी येतं. एक काका स्वतःच्या मांडीवर ताल धरतात. तिहाई आली की उत्साहात तो हात माझ्या मांडीवर पडतो. एक काकू तान संपायच्या आत ‘अहाहा’ म्हणतात आणि तेवढ्यात मागे थर्मासचं झाकणही फिरवतात. मला रागातलं फार कळत नाही. काकांची मान कुठे हलली ते पाहून मी माझी हलवतो. म्हणजे माझी दादसुद्धा वापरलेलीच. घरी कानाला यंत्र लावून तेच गाणं स्वच्छ ऐकू येतं, एक खोकला नाही की खुर्चीची कुरकुर नाही. पण समेवर आल्यावर बघायचं कुणाकडे? फ्रिजकडे?

देण्याघेण्याचा आनंद म्हटलं की लोकांना वर्गणी आठवते. वर्गणीबद्दल मी बोलत नाही. तिथे देणाऱ्यापेक्षा पावती फाडणाराच जास्त आनंदात असतो. मला म्हणायचंय ते शेजारच्या डब्याबद्दल. शेजारून भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. चकली दिली की अनारसे येतात, अनारशांना उत्तर म्हणून लिंबाचं लोणचं जातं, लोणच्यावर शेवग्याच्या शेंगा येतात. हा हिशेब कुणी वहीत लिहीत नाही आणि तो कधी चुकता होत नाही. चुकता झाला तर येणंजाणं थांबेल, म्हणून कुणीतरी एक लाडू जास्तीचा घालून ठेवतंच.

आमच्या फळीवर असाच एक स्टीलचा डबा बरीच वर्षं होता. लग्नातला असावा. पूर्वी अहेराच्या भांड्यांवर नाव घालून देत, तसं टिंबाटिंबांनी नाव घातलेलं; पण घासून घासून नवरीचं नाव गेलं, नवऱ्याचं त्याआधीच गेलं, आणि उरलं एवढंच: ‘मामाकडून’. कुणाच्या मामाकडून, ते आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. आईने बिल्डिंगमध्ये चौकशी केली, तेव्हा तिघी जणींनी तो आपल्या मामाचा असल्याचं सांगितलं. म्हणून मग तो कुणालाच दिला नाही. सगळ्यांकडे पाठवत राहिलो.

गेल्या दिवाळीत शंकरपाळ्यांनी भरून, वर ताटली झाकून, तो वरच्या मजल्यावर गेला. तिथून म्हणे कोथरूडला कुणाच्या विहीणबाईंकडे, आणि त्यापुढे माग लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात आला असेल तर परत करायची घाई नको. भरा आणि पुढे धाडा. फक्त कागद घट्ट बांधा, कारण झाकण आमच्याकडेच राहिलंय.