घामच नाही तर सेंट कशाला?

एडमंटन, कॅनडा
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. सौ. आईंना शि. सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं तुम्हाला घर दाखवता दाखवता बाथरूममधली फळीही दाखवली. तिच्यावरच्या बरण्या बघून तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. एक, एवढी मलमं कुणाला लागतात, खोबरेल तेलानं काय घोडं मारलंय? आणि दुसरा, तिकडं घामच येत नाही तर सेंट कशाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर बाबा मध्ये आले, आज तापमान किती म्हणाले, आणि पुढचा सगळा कॉल तापमानात गेला. म्हणून हे पत्र. पत्रात बाबांना मध्ये बोलता येत नाही.

तापमान उणे 27 आहे. सांगा त्यांना.

तर आधी खोबरेल. त्याला मी नावं ठेवत नाही, पण ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं आणि आमचं घर हिवाळाभर 21 वर असतं. मिरजेला थंडीत बाटली थिजली की तुम्ही ती गच्चीवर उन्हात ठेवता. इथं डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो, आणि मधल्या वेळात तो आहे एवढंच. तापवणं हे काम त्यानं सोडून दिलंय. त्यामुळं बाटली जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीवर उभी करायची. तिथं ती ह्यांच्या पायानं कलंडते. मग ती कुणी तिथं ठेवली यावर चर्चा होते आणि गालिचा मी पुसते. शिवाय खोबरेलाला स्वतःचा वास आहे आणि तो कुणाला जागा देत नाही. वरून गुलाब लावा नाहीतर मोगरा लावा, शेवटी खोबरंच उरतं.

आता हवा. इथली हवा कोरडी म्हणजे किती, हे बाबांना वाचून दाखवा, खूश होतील. उणे पंचवीसची बाहेरची हवा घरात घेऊन 21 अंशांपर्यंत तापवली, की तिची आर्द्रता पाच टक्क्यांच्याही खाली जाते. स्वयंपाक, आंघोळी, वाळत घातलेले कपडे आणि तुमच्या चिरंजीवांचे उसासे यांनी ती थोडी वर येते. फर्नेसला ओलावा सोडणारं यंत्र जोडलंय, पण ते जास्त चढवलं की खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ धरतो. म्हणून बाहेर थंडी वाढेल तसं ते उतरवायचं. म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या नगरपालिकेच्या नळासारखं झालं, गरज पडली की बंद.

या कोरडेपणाचे परिणाम सर्वांगीण आहेत. दाराची मूठ चटका देते, दिव्याचं बटण चटका देतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या दोघांत अजून ठिणगी पडते, ती ही अशी. तुमचा नातू मुद्दाम लोकरी मोजे गालिच्यावर घाशीत येतो आणि बहिणीच्या कानाला बोट लावतो. आणि कातडीचं म्हणाल, तर नडगीवर नखानं ओढलं की पांढरी रेघ उठते. धाकटी त्यावर फुली-गोळा खेळते. स्वतःची नडगी संपली की माझी मागायला येते.

अशा अंगावर सेंट टिकत नाही, आई. सेंटात मुख्य भाग अल्कोहोलचा, तो लगेच उडून जातो. मागोमाग लिंबू-संत्र्याचे हलके वास निघतात. फुलांचे वास थोडा दम धरतात, आणि चंदन, व्हॅनिला, कस्तुरीच्या जातीचे जड वास सगळ्यांत शेवटी उठतात. कातडीला तेलकटपणा असला तर हे सगळं तिला धरून राहतं आणि बेतानं सुटतं. कातडीच कोरडी ठणठणीत असली तर धरणार कशाला? मिरजेला मेमध्ये सकाळी लावलेला वास दुपारी कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळतो. इथं बूट घालून होईतो संपतो.

म्हणून आधी मलम आणि वर सेंट. त्याला इथं लेअरिंग म्हणतात आणि आमच्या धाकटीला या विषयात डॉक्टरेट द्यायला हरकत नाही. कडक पाण्यानं आंघोळ करायची नाही, कोमटच. अंग खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच क्रीम लावायचं, म्हणजे ते पाणी आतच कोंडून राहतं. मग पाच मिनिटं कपडे न घालता थांबायचं (उणे 27 मध्ये हे कुणाला सुचलं असेल, देव जाणे), आणि मग मनगटाला, मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला सेंट. मनगटावर मनगट घासायचं नाही. मी अजून घासते. ती माझ्याकडे तुम्ही मला पोळी फाटल्यावर बघायचात तसं बघते.

क्रीम कोणतं, हे खरं शास्त्र. बाटलीतून पंपानं येतं ते लोशन, त्यात पाणीच फार. ते आपल्या पुण्या-मुंबईच्या थंडीला ठीक. इथं बरणीतलं घट्ट लागतं, ज्याला बटर म्हणतात. त्यात तीन गडी असतात. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, शिया बटर (पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं तूप) कातडी मऊ करतं, आणि वरून झाकण घालतं ते पेट्रोलॅटम, म्हणजे आपलं व्हॅसलीन.

व्हॅसलीनचं नाव निघालं की ह्यांची छाती फुगते. तेलाच्या विहिरींच्या दांड्यांवर जो मेणचट गाळ धरायचा, त्यातून चेसब्रो नावाच्या अमेरिकन माणसानं ते काढलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. हा गृहस्थ रोज एक चमचा व्हॅसलीन खायचा म्हणतात, आणि जगला 96 वर्षं. आता आमचं गाव सगळं तेलावर चाललेलं. 1947 साली इथून जवळच लेड्यूकला तेल लागलं आणि गावाचं नशीब उघडलं. आमचा विमानतळही त्याच बाजूला. ह्यांची नोकरीही तेलातलीच. त्यामुळं मी टाचांना व्हॅसलीन लावायला बसले की हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "हे बघ, आमच्याशिवाय तुमचं पान हलत नाही."

आता फळीवरच्या बरण्या. पिवळ्या झाकणाची बुटकी बरणी, जिच्यात तुम्हाला मोरावळा वाटला, ती धाकटीची. तिचं नाव ब्राझिलियन बम बम क्रीम. नावाचा अर्थ विचारू नका, भोलेनाथाशी त्याचा संबंध नाही. वास पिस्ता आणि खारवलेल्या कॅरॅमलचा. हिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींना हाच वास येतो. किंमत मी सांगणार नाही, कारण तुम्ही तिचे रुपये कराल. शेजारचा निळा गोल डबा निव्हियाचा, तो माझा. त्याचा वास सौम्य आहे आणि त्याच्या वर काहीही खपतं. उंच बाटली बदाम आणि चेरीच्या वासाची. ती भेट आलेली आहे आणि भेट जाण्याच्या वाटेवर आहे. काळा डबा नातवाचा. त्याच्यावर लाकूड, धूर, चामडं असं काय काय लिहिलंय. पंधरा वर्षांच्या मुलाला घोड्याच्या तबेल्याचा वास का हवा असतो, हे तुम्ही सांगा. तुम्ही दोन मुलगे वाढवलेत. आंघोळ टाळायची असली की तो बॉडीस्प्रे दुप्पट मारतो. आणि कोपऱ्यात एक बरणी आहे तिच्यावर कुणाचाच हक्क नाही, पण ती दर आठवड्याला चार बोटं उतरते. ती व्हॅनिलाची. हे म्हणतात, मला असले बायकी प्रकार लागत नाहीत. ह्यांच्या ऑफिसात वासाचं काही लावून यायला बंदी आहे. इथं दवाखान्यांत आणि कित्येक कचेऱ्यांत तशी पाटीच असते, कारण कुणाला दमा असतो, कुणाचं डोकं उठतं. गेल्या महिन्यात ह्यांच्या टेबलाशी येऊन एकानं विचारलं, केक कुठं ठेवलाय? मफलर लोकरीचा आहे, आई. लोकर वास धुईपर्यंत सोडत नाही. व्हॅनिला तर नाहीच नाही.

व्हॅनिलावर माझा थोडा राग आहे. 1874 साली जर्मन रसायनतज्ज्ञांनी पाइनच्या झाडातल्या रसापासून तो वास बनवला, तेव्हापासून शेंगेवाचून काम भागायला लागलं आणि जगात जिथं तिथं व्हॅनिला झाला. थंडीला तो चांगला, उबदार वाटतो, सावकाश उडतो, चंदनाशी नि अगरूशी त्याचं पटतं, हे सगळं मान्य. पण माणसाला माणसाचा वास यावा, मिठाईच्या दुकानाचा कशाला?

आता तुमचा दुसरा प्रश्न. घामच नाही तर सेंट कशाला? आई, तो प्रश्न मला त्या दिवसापासून छळतोय. कारण घाम नाही हे खरंच, पण सेंट लावायचा कुणासाठी, हेही कळत नाही. बाहेर पडायचं तर आत बनियन, वर स्वेटर, वर कोट, त्यावर मफलर, आणि फक्त डोळे दिसतात. इतक्या थरांतून कुठला वास बाहेर येणार? थंडीत वास उडतच नाही, आणि समोरच्याच्या नाकातले केस पहिल्या श्वासाला कडक झालेले असतात. त्याला बिचाऱ्याला स्वतःचं नाक आहे की गेलं याची काळजी. ऑफिसात बंदी. घरी सगळ्यांची नाकं कोरडी. राहता राहिली गाडी. गाडीलाही इथं रात्री वायर लावून विजेवर ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी इंजिन उठत नाही. त्या गाडीत सकाळी चौघं बसतो, हीटर लागतो, आणि पिस्ता, तबेला, केक आणि माझं निव्हिया एकत्र जमतं. हे खिडकी उघडतात. उणे 27. दोन मिनिटं आम्हाला ताजेपणा परवडतो, मग परत बंद.

मग वर्षातून एकदा या सगळ्याचं चीज होतं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. इथल्या मराठी बायकांनी एक हॉल घेतला होता. दाराशी सगळ्यांचे कोट उतरले, काळ्या साड्या बाहेर आल्या, हॉलचं हीटिंग चढवलेलं, आणि काय सांगू, सबंध हिवाळाभर कोटाखाली दाबून ठेवलेले वास एकदम सुटले. कुणी गुलाब, कुणी ऊद, कुणी नारळ, आणि व्हॅनिला तर दर तिसरीला. तिळगुळाचा वास कुठं शोधून सापडेना. तिथं नाशिकच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या पुढच्या, मुलाकडं आलेल्या. त्यांच्या हातात चांदीची अत्तरदाणी. त्या प्रत्येकीचा हात धरून पालथ्या बाजूला अत्तराचं बोट ओढत होत्या. धाकटीपाशी आल्या, हात नाकाजवळ नेला, थबकल्या, म्हणाल्या, "बाळ, हात धुऊन ये. तू आधीच बासुंदी लावलीयेस." कार्टी गेली आणि धुऊन आली, माझ्या एका शब्दाला कधी जात नाही ती!

माझ्या हाताला साधं, बिनवासाचं क्रीम होतं, कारण त्या दिवशी निव्हियाचा डबा सापडला नव्हता. काकूंचं अत्तर हिना होतं. हिना म्हणजे नुसती मेंदीची फुलं नव्हेत, त्यात मसाले असतात, मुळ्या असतात, आणि ते चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नाहीच, त्यामुळं उडायची घाई नाही. काकू म्हणाल्या, खस उन्हाळ्यात लावावं, हिना आणि शमामा थंडीत. अंगात ऊब राहते. उबेचं मला माहीत नाही, पण रात्री भांडी घासली, हात साबणानं धुतले, तरी सकाळी चहाचा कप उचलला तेव्हा तो वास मनगटावर होता. एकच वास, एकटाच, आणि कुणाशी न भांडता. मी ठरवून टाकलं. खाली बिनवासाचं घट्ट क्रीम, वर हिनाचा एक थेंब. धाकटीला पटलेलं नाही. ती म्हणते, याला आजीच्या कपाटाचा वास येतो. मी म्हटलं, म्हणूनच.

तुम्ही म्हणाल, मग उटणं का नाही लावत? दिवाळीत लावतो की. पहिल्या आंघोळीला बाहेर बर्फ पडत असतो आणि बाथरूममध्ये मोतीचा फेस. पण उटणं अंगावरचं तेल काढून नेतं, आणि इथं तेच तर टिकवायचंय. तेव्हा गेल्या वर्षीचा अर्धा किलो अजून शिल्लक आहे. कृपा करून आणखी पाठवू नका.

पाठवायचं तर हिना पाठवा. तुमच्या शेजारच्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात परत यायचाय, त्याच्याबरोबर. दर्ग्याजवळच्या अत्तरवाल्याकडं मिळेल. पण चंदनाच्या तेलातलं आहे ना, हे नीट विचारा. हल्ली चंदन महाग झाल्यामुळं बरेचजण लिक्विड पॅराफिनमध्ये अत्तर मिसळतात, आणि पॅराफिन निघतं खनिज तेलातून. म्हणजे ह्यांना पुन्हा पेपरातून मान वर न करता बोलायला मोकळीक. एवढं मला टाळायचंय. बाटली छोटीच घ्या, बुचाला वरून मेण लावा, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून मेतकुटापासून लांब ठेवायला सांगा. बाबांना एकट्यांना दुकानात पाठवू नका. ते भाव करता करता अत्तरवाल्याशी दोस्ती करतात आणि गुलाबपाणी घेऊन घरी येतात.

बाबांना नमस्कार. भाऊजींना आणि जाऊबाईंना आठवण सांगा. मुलांना आशीर्वाद. टाचांना तुम्हीही रात्री व्हॅसलीन लावून मोजे घाला, भेगा मला कॉलवर दिसल्या.

आपली,
धाकटी सून

ता. क. हे विचारतायत, पत्रात व्हॅनिलाच्या बरणीबद्दल काही लिहिलंस का. मी नाही म्हटलंय. तुम्हीही काही बोलू नका.