तीन घरांचे दाजी

आमचे दाजी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतात आणि फुटबॉलचे वेडे आहेत. एवढं ऐकलं की कुठलाही कोल्हापूरकर विचारतो, "संघ कुठला, पाटाकडील का दिलबहार?" दाजी शांतपणे सांगतात, "साओ पावलो."

शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली तरणी पोरं दुपारीच गायब होतात. दाजी खिडकी लावून घेतात आणि १९९० सालच्या जपानात जाऊन बसतात. टेक्मो कंपनीनं निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रासाठी काढलेला 'कॅप्टन त्सुबासा २' हा त्यांचा गेम. तो जपानाबाहेर विकायला आलाच नाही. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, योइची ताकाहाशींचा, 'शोनेन जंप'मधला. १९८८ साली तो संपला तेव्हा त्याचा नायक त्सुबासा ब्राझीलला निघाला होता, आणि पुढचं काय ते टेक्मोवाल्यांनी आपल्या मनानं रचलं. त्यामुळे आमचे दाजी, जे पंचगंगेच्या पुलापलीकडे जायचं तरी दोन दिवस आधी ठरवतात, ते रोज रात्री जेवणानंतर ब्राझीलला, साओ पावलोत असतात.

हा फुटबॉल पळत खेळायचा नसतो. चेंडू घेऊन निघालात, समोर गडी आडवा आला, की जग थांबतं आणि पडद्यावर यादी येते: ड्रिबल, पास, शूट, वन-टू. सावकाश विचार करा, मग निवडा. काहीही केलं की 'गट्स' नावाची पुंजी खर्च होते. खास शॉट मारला तर भरमसाठ. पुंजी आटली की गडी नुसता नावाला मैदानात. मॅचमागून मॅच खेळत गडी लेव्हल चढतात, म्हणून या प्रकाराला आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, म्हणायचं. दाजींच्या स्वभावाला याहून सोयीचा खेळ माणसानं काढलेला नाही. "खऱ्या मॅचमध्ये कोण थांबून इचारतंय?" हा त्यांचा फुटबॉलवरचा एकमेव आक्षेप. ताईचं म्हणणं, "भाजी कुठली करू विचारलं तरी ह्यांना यादी लागते. आणि दुसऱ्या मजल्यावर पाण्याची बादली न्या म्हटलं की ह्यांचे गट्स संपलेले."

दाजींना जपानी येत नाही. इंग्रजी येतं, पण बँकेच्या पत्राएवढंच. ते खेळतात ती हौशी लोकांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातली प्रत. अशा भाषांतराची फाईल मूळ गेमवर चढवायची असते. तिला पॅच म्हणतात. "म्हंजे ठिगळच की," दाजी सांगतात, "पण पैठणीला लावलेलं." कुणी दमडी न देता गेमच्या पोटात शिरून एकेक वाक्य बदलणारी ही माणसं त्यांना गुरुस्थानी आहेत. याच मालिकेचा पहिला भाग १९९२ साली अमेरिकेत अधिकृतपणे निघाला होता. त्याचा विषय मात्र जेवताना काढायचा नाही. मी एकदा काढला.

"पाव्हणं, त्सुबासा ओझोराचं काय केलं म्हाईत हाय? रॉबिन फील्ड! नाव बदललं, त्वांड बदललं. उद्या आपल्या तुकोबाला टॉम म्हणतील!"

भाकरी गार झाली, पण दाजी थांबेनात.

दाजींचा स्वतःचा शोध याच्या पुढचा आहे. 'त्सुबासा' जपानी लिपीत तीन अक्षरांत मावतो. इंग्रजीत त्याला सात अक्षरं लागतात. गोलकीपर वाकाबायाशी पाच अक्षरांचा, तो इंग्रजीत अकरांचा होतो. जपानी मापानं आखलेल्या गेममध्ये अक्षरांची घरं मोजकीच, म्हणून भाषांतरकार बिचारा कुठं नाव कापतो, कुठं वाक्य. एका रात्री दाजींनी वहीत लिहून पाहिलं: त्सु, बा, सा. तीन. वा, का, बा, या, शी. पाच! त्यांनी ताईला झोपेतून उठवलं. "अगं, आपली लिपी नेमकी बसतीया! मधी ही इंग्रजी कशाला?"

तेव्हापासून मराठी भाषांतर चालू आहे. चौथं वर्ष. शाळकरी रेघी वहीत घरं आखलेली आहेत. (दुसऱ्या वहीत गेमचे पासवर्ड आहेत. जुना गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या एम्युलेटरवर एका बटणात खेळ जतन होतो, पण दाजींना ती लबाडी वाटते. ताईला बरेच दिवस ते बँकेचे पासवर्ड वाटत होते.) वन-टूचं 'दे-घे' पहिल्याच आठवड्यात झालं. सगळं अडलंय ते 'गट्स'पाशी. जपानीत त्याला तीन घरं आहेत. 'हिंमत' लढाईतली वाटते, 'जिगर' सिनेमातली, 'दम' म्हटलं की दम्याची आठवण येते. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर हा प्रश्न मिळतो. मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा.

गेल्या खेपेला मीच त्यांना ओढून स्टेडियमवर नेलं. दाजी नाइलाजानं बसले होते. आमची जागा गोलाच्या मागं. हाफ टाइमच्या जरा आधी एकानं असा काही तडाखा दिला, की चेंडू बारवरून थेट आमच्याकडे. सगळे खाली वाकले. दाजी मात्र उभे राहिले आणि तसेच उभे होते. मला तो चेहरा ओळखीचा आहे. ते यादी यायची वाट बघत होते.

यादी आली नाही, चेंडू आला. तोंडावर.

मांगातला त्यांचा सगळ्यात आवडता गडी इशिझाकी. तो असाच तोंडानं गोल अडवतो. पण त्या क्षणी हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण नाकातून रक्त येत होतं. दाजी पडले नाहीत. हलले, चष्मा सावरला, पुन्हा उभे. मागच्या पायरीवरून एक म्हातारा ओरडला, "आयला, रग हाय गड्यात!"

मी रुमाल पुढे केला. दाजींनी तो घेतला नाही. ते खिसे चाचपत होते.

"पेन द्या, पेन," नाक धरून ते म्हणाले. "रग. दोनच अक्षरं. एक घर शिल्लक ऱ्हातंय, पाव्हणं!"