बाजाराला सगळं कळतं म्हणे!

शेअरच्या भावात उपलब्ध असलेली सगळी माहिती आधीच मुरलेली असते, असं शिकागोचे अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी 1970 मध्ये मांडून ठेवलं. फामा कधी डोंबिवलीच्या लोकलमध्ये लोंबकळले नसावेत. नाहीतर त्यांना कळलं असतं की खरी माहिती भावात नसते, चौथ्या सीटवरच्या गृहस्थांच्या टेलिग्रामवर असते. "आतली बातमी आहे, कुणाला बोलू नका. आज उचला, उद्या अप्पर सर्किट!" कुणाला न सांगण्याची ही बातमी ठाणे येईपर्यंत अख्ख्या डब्याला पाठ होते.

तरी फामांना एक संधी देऊ. 1 जून 2024च्या शनिवारी संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले. सोमवारी सर्वज्ञ बाजाराने सेन्सेक्स 2,507 अंकांनी चढवला. मंगळवारी मतमोजणी झाली, तर तोच सेन्सेक्स 4,390 अंकांनी आपटला. बुधवारी 2,303 अंक वर. शुक्रवारी स्वारी नव्या उच्चांकावर! त्या आठवड्यात देशातल्या साबणाच्या कारखान्यांतून नेहमीइतक्याच वड्या बाहेर पडत होत्या. वाहिन्यांवरचे तज्ज्ञ मात्र डबल ड्यूटीवर होते. चढला की 'स्थिर सरकारची आशा', पडला की 'अपेक्षाभंग', पुन्हा चढला की 'खालच्या भावात खरेदी'. कारण सापडतंच, फक्त दुपारी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर.

"बघा, बाजार मूर्ख आहे!" असं म्हणून आमच्या सोसायटीतले काका टाळी मागतात. द्यायला हरकत नाही. कंपन्यांच्या लाभांशाच्या मानाने भाव फारच हेलकावे खातात, हे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनीही दाखवून दिलं आहे. 2013 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल फामा, शिलर आणि लार्स पीटर हॅन्सन यांना एकत्रच मिळालं. पण बाजार मूर्ख आहे म्हणून आपण शहाणे, हा सिद्धांत अजून कुठल्याही नोबेलात बसलेला नाही.

तो बाजार नियामक सेबीच्या 2024च्या अहवालात तर मुळीच बसत नाही. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स खेळलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. सौद्यांच्या खर्चापोटीच सुमारे 50,000 कोटी गेले. आणि सलग दोन वर्षं हात पोळलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण तरीही खेळत राहिले. चिकाटी म्हणतात ती हीच!

मग सगळे नफ्यात असल्यासारखे कसे वावरतात? हिशेबाची पद्धत सोपी आहे. नफा झाला की लग्नाच्या पंगतीत सांगायचा. तोटा झाला की त्याला 'लाँग टर्म' म्हणायचं. सकाळी इंट्राडे म्हणून, म्हणजे त्याच दिवशी विकायला, घेतलेला शेअर दुपारी पडला, की तो मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला असतो. फारच टोचलं तर स्वतःची तुलना सेन्सेक्सशी करायची, कारण त्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो, म्हणजे हरवायला तो जरा सोपा.

तेव्हा वाचकहो, या रविवारी ब्रोकरचं वार्षिक स्टेटमेंट काढा. दलाली, कर, पडून राहिलेले शेअर, सगळं धरा. तेवढेच पैसे त्याच तारखांना साध्या इंडेक्स फंडात टाकले असते तर किती झाले असते, ते शेजारी लिहा. तुमचा आकडा मोठा निघाला तर अभिनंदन, पुढच्या वर्षी पुन्हा तपासा. लहान निघाला तर त्याच इंडेक्स फंडात एसआयपी लावा आणि साडेतीनपर्यंत ऑफिसचं काम करा.