इंधनपंपाचे अकाली निधन

मोटारीच्या टाकीतले पेट्रोल उचलून इंजिनापर्यंत पोचवणाऱ्या विजेवरच्या लहानशा यंत्राला इंधनपंप म्हणतात. तो मुठीत मावतो, टाकीच्या तळाशी पेट्रोलात बुडून राहतो आणि बंद पडेपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पाच-आठ कोटींच्या विदेशी स्पोर्ट्स कारमध्येही त्याचे रूप साधारण हेच. अशा गाडीचा पंप जेमतेम काही हजार किलोमीटर झाले असताना निकामी झाला, तर त्याला अकाली बिघाड म्हणण्याचा प्रघात आहे. रत्नागिरी जिल्ह्यापुरता हा प्रघात तपासून घ्यावा लागतो.

पंपात एक छोटी मोटार आणि तिच्या आसावर पात्यांची प्लास्टिकची चकती असते. चकतीने ढकललेले पेट्रोल सहसा मोटारीच्या आतूनच, तिच्या कार्बन ब्रशांना चाटून वर चढते. ब्रशांशी ठिणग्या पडतात, तरी स्फोट होत नाही, कारण आत हवा नसते आणि हवेवाचून पेट्रोल पेटत नाही. उलट तेच पेट्रोल मोटारीला थंड ठेवते आणि वंगणही पुरवते. थोडक्यात, टाकीत भरपूर पेट्रोल असणे ही पंपाच्या प्रकृतीची गरज आहे. मालकवर्गाची काटकसर नेमकी येथेच जागी होते. गाडीसाठी आठ कोटी मोजणारा गृहस्थ पेट्रोल भरताना काच अर्धी खाली करून ‘दोन हजारांचे टाका’ म्हणतो. ऐंशी लिटरच्या टाकीत वीसेक लिटर पडते, गाडी भोस्ते घाटाच्या वळणांना लागते, पेट्रोल एका कुशीवर कलते आणि पंप क्षणभर हवा ओढतो. वळणावर तळाशी पेट्रोल अडून राहावे म्हणून टाकीत आडभिंती आणि वाटीसारखा कप्पा केलेला असतो; पण कप्प्यात काही राहायचे तर आधी ते भरलेले असावे लागते.

बिघाडाचे मुख्य कारण मात्र कालगणनेत आहे. पंपाचे आयुष्य तासांत मोजले पाहिजे, किलोमीटरमध्ये नव्हे. जुन्या रचनेत पंप नेहमी पूर्ण वेगाने फिरतो. इंजिन हवे तेवढे पेट्रोल घेते आणि उरलेले गरम होऊन टाकीत परतते. गाडी ताशी तीनशेने धावत असो की हातखंब्याजवळ डंपरमागे उभी असो, पंपाचे काम तेच. उलट उभ्या गाडीत गरम पेट्रोल जास्त परतते, म्हणजे हाल जास्त. नव्या गाड्यांत गरजेप्रमाणे पंपाचा वेग कमी-जास्त करणारा नियंत्रक असतो. तरी इंजिन चालू आहे तोवर पंपाला सुट्टी नाही.

मुंबई ते रत्नागिरी हे अंतर तीनशे तीस-चाळीस किलोमीटर. ताशी एकशे दहाने पंपाचे तीन तास खर्च होतात. गणपतीआधीच्या आठवड्यात त्याच अंतराला बारा तास लागले, तर एका खेपेत पंप चार खेपांनी म्हातारा होतो. ओडोमीटर मात्र एकच खेप लिहितो आणि हमीपत्र ओडोमीटरवर विश्वास ठेवते. ट्रॅक्टरला आणि जेसीबीला तासांचा मीटर असतो. म्हणजे खोदलेल्या रस्त्यात अडकलेल्या दोन यंत्रांपैकी आपले खरे वय फक्त खोदणाऱ्याला ठाऊक असते.

हा रस्ता म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे काम २०११ साली देण्यात आले. त्यानंतर मंत्री बदलले, ठेकेदार बदलले, रस्त्याचा क्रमांकही १७ चा ६६ झाला. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. काटेकोरपणे पाहता अकाली हे विशेषण त्याला शोभते, कारण त्यावरून अजून एकही वाहन गेले नव्हते. जाणते मुंबईकर गोव्याला पुणे–कोल्हापूरमार्गे जातात आणि कोकण वगळून कोकणाखाली उतरतात. महाराष्ट्रात महागड्या गाडीवरच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली. रस्त्याची मर्यादा होती तेथेच आहे.

दुसरे कारण टाकीत ओतल्या जाणाऱ्या पदार्थाचे. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. सरकारी कामात मुदतीआधी काहीतरी घडल्याची ही दुर्मीळ नोंद आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. प्रमाणाबाहेर पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलापासून सुटून तळाशी बसतात, आणि पंपाची जाळी तळाशीच असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्र दमटपणा पुरवतो. जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली झोपलेल्या गाडीत हा प्रयोग सावकाश पार पडतो. इथेनॉलचा ऊस घाटावरचा, साखर कारखाना घाटावरचा. गंज तेवढा खाली येतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलासा दिला, की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील इतकेच. स्पोर्ट्स कारच्या मालकांनी निर्धास्त राहावे. सध्याच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्या हा आकडा हयातीत गाठण्याची शक्यता नाही.

कारखान्यातले दोष वेगळे. डेन्सो या जपानी कंपनीच्या काही पंपांत चकतीचे प्लास्टिक पेट्रोल पिऊन फुगत होते आणि फुगलेली चकती आवरणाला घासून अडकत होती. त्यापायी २०२० मध्ये जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यांत टोयोटाच्या साध्या गाड्या होत्या आणि लेक्सस एलसी ५०० सारखी दिमाखदार कूपेही. भारतात त्याच वर्षी पंपाच्या शंकेवरून होंडाने जूनमध्ये ६५,६५१ आणि मारुतीने जुलैत १,३४,८८५ गाड्या परत मागवल्या. वॅगन आरच्या मालकाने गाडी वर्कशॉपला नेली, पंप फुकट बदलून घेतला आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी गेला. आजाराला श्रीमंती-गरिबी कळत नाही. ती कळते बिलाला.

लक्षणे सोपी आहेत: स्टार्टर मारल्यावर इंजिन उशिरा धरणे, चढावर दम तोडणे, मागच्या बाजूने भुंग्यासारखी गुणगुण, आणि मग शांतता. साध्या गाडीत मेस्त्री मागची सीट उचलतो, झाकण काढून पंप बाहेर घेतो. त्याआधी टाकीला खालून दोन ठोसे देऊन पाहतो, कारण अडकलेला ब्रश कधी कधी तेवढ्याने सुटतो. इंजिन मध्यभागी असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र टाकी सीट आणि इंजिन यांच्यामध्ये कोंडलेली असते. काही गाड्यांत तिथवर पोचायला बराचसा मागचा भाग उतरवावा लागतो, आणि दोन ठोसे द्यायला मेस्त्रीचा हात आणि मालकाची परवानगी दोन्ही पोचत नाहीत. टोचन लावायचे तर आकडा अडकवण्याआधीच पुढचा बंपर जमिनीला टेकतो. मग मुंबईहून सपाट फाळक्याचा ट्रक येतो, त्याच महामार्गाने, त्याच वेगाने.

बंद पडायला कोकणच हवे असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्योगपती गौतम सिंघानिया यांनी, आपली नवी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो अटल सेतूवर विजेच्या बिघाडाने बंद पडल्याचे जाहीर केले. या गाडीची भारतातली शोरूम किंमत तेव्हा ८ कोटी ८९ लाख होती. दोष विजेचा होता, पंपाचा नव्हे, हे पंपाच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

उपचार म्हणून टाकी निम्म्याच्या खाली जाऊ न देणे, पावसाळ्यापूर्वी ती काठोकाठ भरणे आणि वेळेवर फिल्टर बदलणे एवढे सांगितले जाते. पंप अजिबात न झिजवता कोकण ओलांडण्याचा एकच मार्ग उपलब्ध झाला. कोकण रेल्वेने २३ ऑगस्ट २०२५ पासून कोलाड ते वेर्णा अशी मोटारींची रो-रो सेवा सुरू केली. एका खेपेस चाळीस मोटारी आणि मोटारीमागे भाडे ७,८७५ रुपये. गाडी वाघिणीवर बांधलेली, इंजिन बंद, पंप निवांत. रत्नागिरी स्थानक वाटेत लागते. तेथे मोटार उतरवण्याची सोय या सेवेत ठेवलेली नव्हती.